सल्लागारांची खुर्ची, विद्यापीठाचे सुकाणू

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी १९ फेब्रुवारी २०२५ रोजी काढलेल्या एका आदेशाने 'प्रेसिडेन्शियल मॅनेजमेंट फेलो' ही जवळजवळ अर्धशतक चालत आलेली योजना मोडीत निघाली. जिमी कार्टर यांच्या कारकीर्दीत, १९७७ साली तिचा प्रारंभ झाला होता. पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलेल्या होतकरू तरुणांना निवडून थेट केंद्र सरकारच्या प्रशासनात आणणे, हा तिचा हेतू. आपल्याकडील लोकसेवा आयोगाच्या परीक्षेइतकी तिची व्याप्ती नव्हती. परंतु लोकप्रशासन आणि सार्वजनिक धोरण शिकविणाऱ्या तेथील 'स्कूल'च्या दृष्टीने तिचे मोल मोठे होते. त्याआधी, २० जानेवारीलाच, केंद्रीय नोकरभरतीला स्थगिती मिळाली होती. पुढे १ जुलैपासून 'यूएसएड' ही परदेशांना विकाससाह्य देणारी संस्था इतिहासजमा झाली. ज्या कचेऱ्यांसाठी विद्यार्थी घडवायचे त्याच कचेऱ्यांची दारे अशी एकापाठोपाठ एक बंद होऊ लागली, तर या स्कूलनी करायचे काय?

या प्रश्नाचे उत्तर वॉशिंग्टनमध्ये मिळणार नसेल तर ते गावात शोधावे लागते. महापालिका, परगण्याची प्रशासने, राज्य सरकारे, रुग्णालये आणि स्वयंसेवी संस्था यांच्याकडे या स्कूलना वळावे लागते. आणि तेथवर पोहोचविणारा पूल बहुतेक ठिकाणी आधीच बांधलेला असतो. तो म्हणजे समाजधुरीणांचे सल्लागार मंडळ. या मंडळांना आता पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व येणार, हे उघड आहे. म्हणूनच त्यांच्या अधिकारांची मर्यादा कोठे असावी, हा जुना वादही नव्याने तपासून पाहणे आवश्यक ठरते.

अमेरिकेतील बहुतेक प्रतिष्ठित स्कूलभोवती असे मंडळ असते. निवृत्त महापौर, उद्योजक, बँकर, वकील, संपादक, एखाद्या मोठ्या धर्मादाय संस्थेचा प्रमुख अशी मंडळी वर्षातून काही वेळा अधिष्ठात्यांसोबत बसतात. या कामाचे मानधन नसते. उलट सदस्याने स्वतः देणगी द्यावी किंवा ती मिळवून द्यावी, अशी अपेक्षा असते. कागदोपत्री त्यांना ना प्राध्यापक नेमण्याचा अधिकार, ना अभ्यासक्रम ठरविण्याचा. तरीही त्यांचा उपयोग खरा असतो. अर्थसंकल्पाचे तंत्र वर्गात शिकविता येते. मात्र जकात बंद झालेल्या गावात रस्त्यांसाठी पैसा कोठून आणायचा, हे विचारायला नगरपालिका चालविलेला माणूसच लागतो. उदाहरण आपल्याकडचे असले तरी अडचण तिकडेही हीच आहे. शिवाय सरकारी विद्यापीठांना राज्यांकडून मिळणारे अनुदान २००८ च्या मंदीनंतर आटले आणि देणगीदारांवरील भिस्त वाढली. सल्लागार आणि दाता ही दोन माणसे वेगवेगळी असण्याचे दिवस त्याबरोबर मागे पडत गेले.

खरे तर या स्कूलचा जन्मच दात्यांच्या पदरी झाला आहे. सिरॅक्यूज विद्यापीठातील मॅक्सवेल स्कूल १९२४ मध्ये उभे राहिले ते जॉर्ज मॅक्सवेल या पेटंटच्या व्यवसायातील वकिलाच्या पैशातून. हार्वर्डच्या ज्या स्कूलला १९६६ पासून केनेडी यांचे नाव आहे, त्याची स्थापना १९३६ मध्ये ल्युशियस लिटॉर यांनी दिलेल्या २० लाख डॉलरवर झाली. लिटॉर हे हातमोजे बनविणारे कारखानदार. काही काळ ते अमेरिकी काँग्रेसचे सदस्यही होते. व्यापारात मिळविलेला पैसा सुशासनासाठी खर्चावा, ही त्या पिढीची धारणा प्रामाणिक होती यात शंका नाही. पैसा देणाऱ्याने पुढे काय करावे आणि काय करू नये, याचा विचार मात्र त्या काळात फारसा झालेला दिसत नाही. त्याची किंमत प्रिन्स्टनला मोजावी लागली.

प्रिन्स्टनचे प्रकरण तपशिलाने पाहण्यासारखे आहे. १९६१ साली चार्ल्स आणि मेरी रॉबर्टसन या दांपत्याने प्रिन्स्टन विद्यापीठाच्या वुड्रो विल्सन स्कूलसाठी साडेतीन कोटी डॉलरची देणगी दिली. चार्ल्स हे तेथील १९२६ च्या तुकडीचे विद्यार्थी, तर मेरी या 'ए अँड पी' या विख्यात किराणा दुकानांच्या साखळीच्या वारसदार. देणगी त्याच कंपनीच्या समभागांच्या रूपाने आली होती. जॉन केनेडी नुकतेच अध्यक्ष झाले होते, शीतयुद्ध ऐन भरात होते आणि देशाच्या परराष्ट्र सेवेत उत्तम माणसे जावीत, ही दात्यांची तळमळ होती. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सरकारी सेवेसाठी, त्यातही केंद्र सरकारच्या आंतरराष्ट्रीय कारभाराशी संबंधित खात्यांसाठी तयार करावे, असा हेतू संस्थापत्रात लिहिला गेला. दात्यांनी स्वतःचे नाव गुप्त ठेवले. ते जाहीर व्हायला १९७३ साल उजाडले. प्रसिद्धीच्या हव्यासाचा आरोप या दांपत्यावर कोणी करू शकणार नाही.

या निधीसाठी स्वतंत्र 'रॉबर्टसन फाउंडेशन' स्थापन झाले. त्याच्या सात विश्वस्तांपैकी चार विद्यापीठाने नेमायचे आणि तीन कुटुंबाने, अशी रचना ठरली. सारी गुंतागुंत या रचनेतच होती. कुटुंबाला टेबलाशी खुर्ची मिळाली, हिशेब पाहायला मिळाले, मत नोंदविता आले. पण मतदान झाले की पारडे नेहमी विद्यापीठाकडे झुकणार, हेही ठरून गेले. जोवर जुनी माणसे हयात होती तोवर हे खपून गेले. पुढच्या पिढीला मात्र प्रश्न पडू लागले. पैसा सरकारी सेवेच्या प्रशिक्षणासाठी होता, मग पदवीधरांपैकी इतके थोडे त्या सेवेत का जातात? निधीतून विद्यापीठाच्या इतर विभागांचे खर्च का भागविले जातात? अखेर निधीची गुंतवणूक विद्यापीठाच्या स्वतःच्या गुंतवणूक कंपनीकडे सोपविण्याचा विषय निघाला आणि ठिणगी पडली. जुलै २००२ मध्ये दात्यांचे चिरंजीव विल्यम रॉबर्टसन आणि इतर वारसांनी न्यू जर्सीच्या न्यायालयात दावा लावला.

विद्यापीठाचा युक्तिवादही दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. विद्यार्थी म्हणजे वेठबिगार नव्हेत. त्यांना चांगले शिक्षण देता येते, अमुक नोकरी करच अशी सक्ती करता येत नाही. शिवाय १९६१ मधील सरकार आणि पुढच्या शतकातील सरकार यांत अंतर पडले आहे. सार्वजनिक काम आता स्वयंसेवी आणि आंतरराष्ट्रीय संस्थांतूनही होते. या म्हणण्यात तथ्य होते. परंतु दात्याने लिहून दिलेल्या हेतूचा अर्थ काळानुरूप कोणी लावायचा, हा खरा प्रश्न होता, आणि प्रिन्स्टनचे उत्तर 'आम्ही' एवढेच होते. संबंधितांना विश्वासात घेऊन तो अर्थ बदलला असता तर कदाचित न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती.

दावा सहा वर्षांहून अधिक काळ चालला. दोन्ही बाजूंचे वकील चांगलेच सुखावले असतील, कारण प्रत्येक बाजूचा खर्च चार कोटी डॉलरच्या घरात गेला. म्हणजे मूळ देणगीच्या दुपटीहून अधिक रक्कम ती कशी वापरावी या भांडणात खर्ची पडली. चलनवाढीचा हिशेब धरला तरी आकडा बोचल्याशिवाय राहत नाही. खटला प्रत्यक्ष उभा राहण्याआधीच, डिसेंबर २००८ मध्ये तडजोड झाली. निधी तोवर फुगून सुमारे ९० कोटी डॉलरपर्यंत गेला होता आणि त्या वर्षीच्या आर्थिक अरिष्टात पुन्हा आक्रसत होता. फाउंडेशन विसर्जित करून निधी विद्यापीठाच्या ताब्यात देण्याचे ठरले. कुटुंबाला कायदेशीर खर्चापोटी चार कोटी डॉलर आणि नव्या स्वतंत्र संस्थेसाठी आणखी पाच कोटी डॉलर व व्याज मिळाले. पैसा प्रिन्स्टनकडे राहिला, परंतु दात्यांच्या जोखडातून सुटायला विद्यापीठाला पुष्कळ पैसे मोजावे लागले.

येथे एक बाब लक्षात घ्यावी लागेल. रॉबर्टसन कुटुंबीय नावाने विश्वस्त होते. व्यवहारात ते सल्लागारच होते. अधिकार आहे असे वाटावे आणि वेळ आली की तो नाही असे कळावे, यापेक्षा मोठा मनस्ताप नाही. याच्या नेमके उलटे चित्र येल विद्यापीठात दिसले. तेथे मंडळ नावाने सल्लागार होते आणि त्याला अधिकार द्यावेत, असा प्रयत्न झाला.

येलमध्ये 'ग्रँड स्ट्रॅटेजी' हा राज्यकारभार आणि मुत्सद्देगिरीचा अभ्यासक्रम नामांकित समजला जातो. २००६ साली माजी अर्थमंत्री निकोलस ब्रेडी आणि गुंतवणूकदार चार्ल्स जॉन्सन यांनी त्याला पावणेदोन कोटी डॉलर दिले. प्रत्यक्ष कारभाराचा अनुभव असलेल्या अतिथी अध्यापकांच्या निवडीत सल्ला देण्यासाठी बाहेरच्या व्यक्तींचे मंडळ असावे, अशी तरतूद देणगीच्या करारात होती. बरीच वर्षे ती कागदावरच झोपून राहिली. नोव्हेंबर २०२० मध्ये याच अभ्यासक्रमात शिकविणाऱ्या एका प्राध्यापकाने ट्रम्प यांच्यावर टीका करणारा लेख 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिला. दात्यांनी नापसंती कळविली आणि करारातील त्या जुन्या कलमाला अचानक जाग आली. अभ्यासक्रमाच्या संचालक, इतिहासकार बेव्हर्ली गेज यांचा विरोध असताना मंडळात हेन्री किसिंजर यांच्यासारख्या व्यक्तींची वर्णी लावण्याचे घाटत होते. गेज यांनी राजीनामा दिला आणि सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस प्रकरण चव्हाट्यावर आले. विद्यापीठाचे अध्यक्ष पीटर सॅलोवी यांना जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली.

किसिंजर वाईट सल्लागार ठरले असते काय? मुत्सद्देगिरी शिकविणाऱ्या वर्गाला त्यांच्या इतका अनुभव दुसऱ्या कोणाकडून मिळाला असता, असे म्हणणे धाडसाचे होईल. त्यांच्या धोरणांवर कठोर टीका करणाऱ्यांनाही ते वर्गात आलेले चालले असते. आक्षेप व्यक्तीला कमी आणि वेळेला अधिक होता. प्राध्यापकाने काय लिहिले यावरून मंडळ जागे होणार असेल, तर त्या मंडळाचे काम सल्ला देणे हे राहत नाही, पहारा देणे हे होते.

मंडळाच्या हाती कायद्याने काहीच नसले तरी थैलीच्या जोरावर ते काय करू शकते, हे पेनसिल्व्हानिया विद्यापीठात दिसून आले. ते व्यवसाय-व्यवस्थापनाचे स्कूल असल्याने येथे ओझरता उल्लेख पुरे. डिसेंबर २०२३ मध्ये व्हार्टन स्कूलच्या सल्लागार मंडळाने विद्यापीठाचे नेतृत्व बदलावे, अशी मागणी पत्राद्वारे केली. गाझातील युद्धानंतर परिसरातील ज्यूद्वेष हाताळण्यात अध्यक्ष लिझ मॅगिल कमी पडल्या, असा त्यांचा आक्षेप होता आणि एका दात्याने दहा कोटी डॉलरची देणगी मागे घेण्याचा इशाराही दिला होता. मॅगिल यांनी काही दिवसांतच पद सोडले. त्यांची काँग्रेसपुढील साक्ष समाधानकारक नव्हती, हे त्यांच्या सहानुभूतिदारांनीही मान्य केले आहे. तरीही एका स्कूलच्या सल्लागारांनी संपूर्ण विद्यापीठाचा प्रमुख बदलायला सांगावे, ही वहिवाट पुढे कोठवर जाईल याची चिंता अनेक प्राध्यापकांना वाटली, ती अनाठायी म्हणता येणार नाही.

व्हर्जिनियातील जॉर्ज मेसन विद्यापीठात याहून अवघड बाब समोर आली. तेथील धोरणविषयक स्कूलला २०१६ पासून ड्वाइट शार या बांधकाम व्यावसायिकाचे नाव आहे. त्यांनी एक कोटी डॉलर दिले, आणि येथे सांगायचा वाद त्यांच्या देणगीचा नव्हे. २०१८ मध्ये त्याच विद्यापीठातील कोख यांच्या नावाशी निगडित काही जुने देणगीकरार उघड झाले आणि प्राध्यापकांच्या निवडीत दात्यांना वाटा दिला गेल्याचे निष्पन्न झाले. शैक्षणिक स्वातंत्र्याच्या अपेक्षित दर्जाला हे करार उतरत नाहीत, अशी कबुली तत्कालीन अध्यक्षांनी दिली. विद्यार्थ्यांनी करारांच्या प्रती मागितल्या, तेव्हा देणग्या स्वीकारणारे विद्यापीठाचे प्रतिष्ठान ही खाजगी संस्था असल्याने माहितीचा कायदा तिला लागू नाही, असा निवाडा व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. लोकप्रशासनाचे धडे देणाऱ्या परिसरात लोकांपासून कागद दडविण्याला कायद्याचे कवच मिळावे, हा विरोधाभास खासच.

याचा अर्थ समाजधुरीणांना दूर ठेवावे, असा काढणे चुकीचे ठरेल. ॲरिझोना राज्य विद्यापीठाचे उदाहरण वेगळे आहे. २०१८ मध्ये माइक आणि सिंडी वॉट्स या दांपत्याने लोकसेवेचे शिक्षण देणाऱ्या तेथील महाविद्यालयाला तीन कोटी डॉलर दिले. देणगीचा एक भाग मेरीव्हेल या फीनिक्स शहराच्या पश्चिमेकडील वस्तीसाठी होता. ही वस्ती कष्टकऱ्यांची आणि वॉट्स दांपत्याचे बालपण याच भागातील. प्राध्यापकांनी काय लिहावे याच्याशी त्यांच्या अपेक्षेचा संबंध नव्हता. महाविद्यालयाने त्या वस्तीत जाऊन रहिवाशांसोबत काम करावे, एवढी ती होती. दात्याला विषयाचे नव्हे तर जागेचे ज्ञान होते आणि त्याने ते दिले. केंद्र सरकारच्या नोकऱ्या आक्रसत असताना विद्यार्थ्यांना जे शिकावे लागणार आहे ते मेरीव्हेलसारख्या ठिकाणीच शिकता येईल. सल्लागारांची मदत सर्वांत मोलाची ठरते ती येथे.

महाराष्ट्राच्या वाचकाला हा विषय अगदी परका वाटू नये. पुण्यात १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली, ती साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून. संस्थेची धुरा धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे आली आणि १९६६ पर्यंत त्यांच्याकडे राहिली. वाई तालुक्यातील शेतीच्या पाहणीपासून पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीपर्यंत त्यांनी जे काम उभे केले, त्याला देशभर मान मिळाला. काळे यांच्या स्मरणार्थ सुरू झालेल्या व्याख्यानमालेत २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. १९३५ च्या कायद्यातील संघराज्याच्या योजनेची त्यांनी त्या व्याख्यानात कठोर चिरफाड केली. दात्याच्या नावाच्या व्यासपीठावरून त्या काळच्या राज्यव्यवस्थेवर इतकी परखड टीका व्हावी, यात कोणाला काही वावगे वाटले नाही. अमेरिकेतील आजच्या वादांच्या तुलनेत हा प्रसंग विसरता येण्याजोगा नाही.

अलीकडचा अनुभव मात्र तितका आश्वासक नाही. उद्योजकांच्या देणग्यांतून उभ्या राहिलेल्या हरयाणातील अशोका विद्यापीठातून मार्च २०२१ मध्ये राज्यशास्त्रज्ञ प्रताप भानू मेहता बाहेर पडले. संस्थापकांशी बोलणे झाल्यावर आपले तेथे असणे ही राजकीय अडचण समजली जात असल्याचे त्यांनी राजीनाम्यात नमूद केले. पाठोपाठ अर्थतज्ज्ञ अरविंद सुब्रमण्यन यांनीही पद सोडले. संस्थात्मक प्रक्रियेत त्रुटी राहिल्या, हे विद्यापीठाने मागाहून मान्य केले. दुसरीकडे भारतीय पैसा अमेरिकी विद्यापीठांकडेही वाहिला आहे. २०१० मध्ये टाटा समूहाने हार्वर्ड बिझनेस स्कूलला पाच कोटी डॉलर आणि आनंद महिंद्र यांनी हार्वर्डच्याच मानव्यविद्या केंद्राला एक कोटी डॉलर दिले, तेव्हा हा पैसा देशात का नाही, असे अनेकांनी विचारले होते. मुंबईच्या आयआयटीतील धोरण अभ्यास केंद्राला अशांक देसाई यांचे नाव आहे; 'मास्टेक'चे हे संस्थापक त्याच आयआयटीचे माजी विद्यार्थी. म्हणजे उद्योजकांच्या नावाने धोरणाभ्यास करण्याची पद्धत येथेही रुजत आहे. अशा देणग्यांचे करार सार्वजनिक करण्याचा प्रघात मात्र आपल्याकडे नाही, आणि तो पडण्यासाठी येलसारखा एखादा प्रसंग ओढवण्याची वाट पाहणे शहाणपणाचे होणार नाही.

प्रिन्स्टनमधील त्या स्कूलवरून वुड्रो विल्सन यांचे नाव त्यांच्या वर्णविषयक धोरणांमुळे जून २०२० मध्ये उतरविण्यात आले. तडजोडीतून जन्मलेल्या कुटुंबाच्या नव्या संस्थेने आपल्या शिष्यवृत्त्यांसाठी मॅक्सवेल आणि टफ्ट्स विद्यापीठातील फ्लेचर यांसारखी इतर स्कूल निवडली. या वेळी दात्यांनी हेतू संस्थापत्रातील भाषेवर सोडला नाही. शिष्यवृत्ती घेणाऱ्याने केंद्र सरकारच्या सेवेत जावे, अशी अट थेट विद्यार्थ्यालाच घातली. २००२ मध्ये न्यायालयात गेलेल्या वारसांना विद्यापीठ हेतू विसरेल याची धास्ती होती. ज्या सरकारसाठी हे सारे केले ते सरकारच एक दिवस दार लावून घेईल, ही शक्यता त्यांनी वा प्रिन्स्टनने कधी विचारात घेतल्याचे दिसत नाही.